भोसले घाटाचा एक चौकोन

मोबाइलवरच्या खेळात एखादा किल्ला असतो. तटाच्या कडेने घोडा कितीही पळवला तरी तट संपत नाही. तो तट कुणी दगड दगड करून चितारलेला नसतो. दोन मीटर भिंतीचा एकच चौकोनी फोटो घेतात आणि तो शेजारी शेजारी, खाली-वर असा शेकडो वेळा लावतात. फोटोची उजवी कड डाव्या कडेशी आणि वरची कड खालच्या कडेशी इतकी बेमालूम जुळवलेली असते, की एक चौकोन कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. असे चौकोन तयार करणं हा माझा व्यवसाय आहे. दगडी भिंती, सारवलेली जमीन, गंजलेला पत्रा, खादी, हातकागद, ओली वाळू अशा कशाकशाचे चौकोन मी आजवर केले आहेत. आमच्याकडे त्या चौकोनाला सरळ टाइल म्हणतात.

तुमच्याही डोळ्यांखालून रोज अशा टाइल जात असतात. व्हॉट्सॲपवर गप्पांच्या मागे बारीक रेखाचित्रांची फिकट नक्षी असते. लग्नपत्रिकेच्या पीडीएफमध्ये अक्षरांमागे खरखरीत कागद दिसतो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर चित्राच्या मागे पैठणीच्या काठासारखं काहीतरी असतं. नजर या गोष्टींवर ठरत नाही. ती ठरू नये अशीच त्यांची रचना असते, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलणंही होत नाही. पण आपण कुठे आहोत हे मनाला सगळ्यात आधी पार्श्वभूमीच सांगते, असं माझं ठाम मत आहे. पात्रं बोलायच्या आधी भिंत बोललेली असते.

हे मत झालं ते एका कामामुळे. मुलांसाठी केलेल्या एका इतिहासाच्या ॲनिमेशनमध्ये मराठेशाहीतला पुण्याचा वाडा दाखवायचा होता. पागोटी, अंगरखे, तलवारींच्या मुठी यांच्यासाठी मंडळींनी चित्रं धुंडाळली होती, जाणत्यांना विचारलं होतं. वाड्याची भिंत मात्र तयार संग्रहातून उचललेली होती. एका ओळीत लांब विटा, दुसऱ्या ओळीत विटांची टोकं, आणि वीट चांगली जाडजूड. इंग्लंडमधल्या जुन्या घरांना असते तशी ती भिंत होती. शनिवारवाड्याचा तट ज्यांनी पाहिला आहे, खालचा काळा दगड आणि वरच्या पातळ विटा ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांना हा वाडा पुण्याचा वाटणं शक्य नव्हतं. मुलांना ते शब्दांत सांगता आलं नसतं, पण त्यांच्या मनात वाडा म्हणून तीच भिंत बसली असती. मला ते फार टोचलं. मी आपल्याकडचे दगड जमवायला लागले, आणि त्या ओघात भोसले घाटापर्यंत पोचले.

मी नागपूरची आहे. आमच्या महाल भागात भोसल्यांचं नाव ऐकतच माणूस मोठा होतो. त्याच नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत काशीला हा घाट बांधला. तो काळच तसा होता. अहिल्याबाईंनी उभारलेलं विश्वनाथाचं मंदिर १७८० सालचं. पुढे १८३० च्या सुमाराला बायजाबाई शिंद्यांचा घाट झाला, आणि आपल्याच वजनाने खचलाही. मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे चालत निघालं, की शिंदे घाट आणि संकटा घाट मागे टाकून थोड्याच वेळात भोसले घाट येतो. आणखी पुढे पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली तो हा टापू.

घाटावरची इमारत एखाद्या गढीसारखी आहे. खालचा मोठा भाग सपाट, घडीव चिऱ्यांचा. नक्षीदार लहान खिडक्या पार वर. दरवर्षी जिच्या अंगावर पुराचं पाणी येतं ती भिंत खाली सपाटच असलेली बरी. फोटोग्राफर नावेतून वरच्या खिडक्यांचे फोटो घेतात. मला हवी होती ती खालची सपाट भिंत.

दगड चुनारचा. चुनार मिर्झापूर जिल्ह्यात, गंगेच्याच काठी, काशीच्या वरच्या अंगाला आहे. तिथला वालुकाश्म बारीक कणांचा, फिकट पिवळसर, त्यात मधूनमधून काळसर ठिपके. अशोकाचा सारनाथचा सिंहस्तंभ याच दगडाचा. आपला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, लाव्हारसातून आलेला. तो उजेड शोषून घेतो, आणि त्यावर टाकीचे घाव पांढरट उमटतात. चुनारचा दगड उजेड परत देतो. त्याच्यावरचे घाव रंगाने वेगळे दिसत नाहीत, फक्त सावलीने कळतात. दोन्ही दगडांच्या भिंती सारख्याच चिरेबंदी असल्या तरी त्यांचे चौकोन करायची रीत एक नाही. चुनारच्या दगडात सगळा खेळ उजेडाचा आहे.

काशीला गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत. त्यामुळे सकाळचं ऊन थेट भिंतीवर येतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन डाव्या खांद्यावरून तिरपं येतं आणि प्रत्येक घावाची, प्रत्येक सांध्याची सावली उजवीकडे पडते. फोटो सुंदर येतो, टाइल वाया जाते. कारण ती सावली फोटोत कायमची बसते. उद्या खेळ तयार करणाऱ्याने त्या दृश्यात सूर्य उजवीकडे ठेवला, तर घोड्याची सावली डावीकडे आणि दगडांची उजवीकडे. पाहणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण भिंत खोटी वाटायला लागते. टाइलसाठी लागतो तो सगळीकडून सारखा येणारा, सावली न पाडणारा उजेड.

असा उजेड काशीत दोन वेळा मिळतो. एक, जानेवारीतल्या दाट धुक्याच्या सकाळी. फोटो काढायला आलेले पाहुणे त्या धुक्यावर चरफडतात, पण आमच्या कामाला तसा उजेड दुसरा नाही. फक्त धुक्याबरोबर दमट गारवा येतो, दगड ओलसर होतो, आणि ओला दगड सुक्यापेक्षा बराच गडद दिसतो. दुसरी वेळ दुपारची. सूर्य इमारतीच्या मागे गेला, की पूर्वाभिमुख भिंत स्वतःच्याच सावलीत येते. दगड कोरडा, आणि उजेड येतो तो समोरच्या मोकळ्या आकाशाचा आणि नदीचा. भोसले घाटापुढे नदीपलीकडे इमारती नाहीत, नुसती वाळू आहे, त्यामुळे हा उजेड फारच समतोल असतो. त्यात निळसर छटा असते. ती काढायला फोटोत एकदा चोवीस रंगांच्या चौकटींचा तक्ता धरायचा. संगणकावर त्या तक्त्याचे रंग मूळ रंगांवर आणले, की दगडाचा रंगही आपोआप जागेवर येतो. शेजारी धातूची मोजपट्टी ठेवायची. दगड केवढा आहे हे फोटोवरून कळत नाही, आणि माप चुकलं की राजवाड्याचा चिरा विटेएवढा दिसायला लागतो.

तिथे एक नावाडी बराच वेळ बघत उभा होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, “दीदी, सब लोग गंगाजी का फोटो खींचते हैं, आप दीवार का काहे खींच रही हैं?” मी मोबाइलवर एक टाइल काढून दाखवली. बोटांनी लहान-मोठी करून त्याने ती पाहिली आणि म्हणाला, की मग इथली घेऊ नका, जरा वरची घ्या. इथवर पाणी येतं. त्याने हाताने दाखवलेली रेषा मला तोवर दिसली नव्हती. पूर ओसरला की भिंतीवर गाळ राहतो. पंपाच्या जोराच्या पाण्याने घाट धुतात, तरी दगडाच्या रंध्रांत तो थोडा उरतोच. वर्षावर्षाचे असे थर चढून भिंतीचा खालचा भाग करडा झालेला आहे, आणि वर जावं तसतसा मूळ पिवळसर रंग उघडा पडतो. काशीतला आजवरचा सगळ्यात मोठा नोंदलेला पूर सप्टेंबर १९७८ चा, पाण्याची पातळी ७३.९०१ मीटर. नदीची नेहमीची ये-जा त्याच्या पुष्कळ खाली असते, आणि भिंतीवर रंग चढतो तो या नेहमीच्या ये-जेचा.

नावाड्याचं म्हणणं माझ्या कामाच्या अगदी गाभ्याचं होतं. खाली गडद आणि वर फिकट असा तुकडा आडवा कितीही लावता येतो, पण उभा लावता येत नाही. फिकट माथ्यावर पुन्हा गडद पाय आला, की सोळा मीटर उंच भिंतीवर आठ पूर येऊन गेल्यासारखे पट्टे दिसतात. म्हणून या भिंतीच्या दोन टाइल करायच्या ठरल्या. पुराच्या रेषेवरच्या दगडाची एक, चारही बाजूंनी जुळणारी. आणि गाळाच्या पट्ट्याची एक, फक्त आडवी जुळणारी, भिंतीच्या पायाशी एकदाच लावायची.

आता जोडकाम. संगणकावर चित्राचे मधोमध चार भाग करायचे आणि त्यांची कर्णरेषेत अदलाबदल करायची. फोटोशॉपमध्ये ऑफसेट नावाची आज्ञा आहे, ती हेच करते. मग मूळ चित्राच्या बाहेरच्या कडा मध्यभागी येऊन भिडतात आणि न जुळणारा सांधा अधिकच्या चिन्हासारखा लख्ख दिसतो. बाहेरच्या नव्या कडा मात्र आपोआप जुळलेल्या असतात, कारण एका क्षणापूर्वी त्या चित्राच्या पोटात एकमेकींना लागूनच होत्या. आता फक्त मधली अधिकची खूण मिटवायची.

वाळू किंवा सिमेंट असेल तर शेजारचा थोडा भाग उचलून सांध्यावर मऊ हाताने फिरवला की काम भागतं. चिरेबंदी भिंतीला तसं चालत नाही. तिथे थर आहेत. प्रत्येक थराची उंची वेगळी आहे, आणि वरच्या थराचा उभा सांधा खालच्याच्या सांध्यावर येणार नाही अशी पाथरवटाने काळजी घेतली आहे. चौकोनाची वरची आणि खालची कड अर्ध्या चिऱ्यातून गेली, तर दोन वेगळ्या दगडांचे अर्धे भाग एकमेकांना चिकटतात आणि कुठल्याच पाथरवटाने घडवला नसता असा तिसराच चिरा जन्माला येतो. म्हणून चौकोन आखतानाच तो पूर्ण थरांचा आखायचा. माझ्या दोन मीटरांत सहा पुरे थर बसले. सातव्याचा तुकडा सोडून दिला, आणि चौकोन पुरा करायला उंची केसभर ताणून घेतली.

उभ्या कडेचा प्रश्न जास्त अवघड, कारण उभे सांधे एका ओळीत नसतात. इथे सरळ कापायचंच नाही. डावीकडचा आणि उजवीकडचा भाग एकमेकांवर हातभर चढवायचा आणि कात्री चिऱ्यांच्या सांध्यासांध्यांतून नागमोडी न्यायची. एका थरात उभी, मग आडव्या दर्जेतून थोडी डावीकडे, पुन्हा उभी, पुन्हा उजवीकडे. फोटोचा सांधा भिंतीच्या सांध्यात जिरून जातो. पाथरवटाने चुना भरून ठेवलेली जी फट आहे, तिच्यातच माझी फट बसते. शोधणाऱ्याला तिथे सांधा सापडतो, पण तो खराच सांधा असतो. हा मार्ग संगणकानेच शोधावा अशी पद्धत ॲलेक्सी एफ्रॉस आणि विल्यम फ्रीमन यांनी २००१ साली मांडली. दोन तुकडे जिथे चढतात, तिथे दोन्हींचे रंग कमीत कमी वेगळे असतील अशी वाट त्यांचा प्रोग्राम काढतो. वाळू-गवताला तो उत्तम चालतो. चिऱ्यांच्या भिंतीला मी हातानेच कापते. संगणकाला रंगातला फरक कळतो, थर कळत नाही.

लोकांना वाटतं, सांधा मिटला की काम झालं. खरं काम तिथून सुरू होतं. माझ्या चौकोनात एका सांध्यातून पिंपळाचं चार पानांचं रोप उगवलेलं होतं. त्याच्या खाली कुणाच्या तरी बोटाचा शेंदरी डाग. भिंतीचं सगळं लावण्य त्या दोन गोष्टींत होतं. टाइल आठ बाय आठ लावून पाहिली, तर त्याच चार पानांची चौसष्ट रोपं आणि चौसष्ट डाग ओळीने उभे राहिले. भिंत गायब झाली, ओळीच उरल्या. माणसाचा डोळा सांधा शोधत बसत नाही, तो ओळखीची खूण शोधतो. एकदा पाहिलेली खूण दुसऱ्यांदा दिसली, की तिसरी कुठे असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

म्हणून टाइलमध्ये लक्षात राहण्याजोगं काही ठेवायचं नाही. रोप काढलं, डाग काढला. एक चिरा इतरांपेक्षा जांभळट होता, त्याचा रंग उतरवला. एवढ्याने भागत नाही. चित्र खूप धूसर करून पाहायचं. तपशील विरघळून गेल्यावर जे गडद-फिकट ढग उरतात, तेच उद्या लांबून पट्ट्यांसारखे दिसणार असतात. संगणक नसेल तर डोळे किलकिले करून पाहिलं तरी तेच कळतं. हे ढग हळूहळू सपाट करत न्यायचे. इथे हात आवरावा लागतो. सगळं सारखं केलं तर पुनरावृत्ती पूर्ण नाहीशी होते, पण दगडही मरतो, प्लायवुडवर चिकटवलेल्या सनमायकासारखा दिसायला लागतो. किती चढउतार ठेवायचा याचं सूत्र नाही. चुनारच्या दगडाचे काळसर ठिपके मी सगळे ठेवले, कारण ते इतके बारीक आणि विखुरलेले आहेत की डोळा त्यांची मोजदाद करत नाही.

काढलेलं रोप टाकून द्यायचं नसतं. ते आणि तो शेंदरी डाग पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळे ठेवले. भिंत उभी राहिली की ते हाताने एकेकदा, योग्य जागी चिकटवायचे. सगळीकडे असतं ते टाइलमध्ये आणि एकदाच असतं ते सुटं, अशी ही विभागणी आहे. या कामातली सगळी समज त्या विभागणीत आहे असं मी मानते.

पुनरावृत्ती लपवायची हा नियम पोताला लागू आहे. नक्षीचं याच्या अगदी उलट असतं, आणि ते पाहायला काशीतून कुठे लांब जावं लागत नाही. मदनपुरा, अलईपुरा, पीलीकोठी या वस्त्यांत विणकरांची घरं आहेत. बनारसी साडीवर सुट्या बुट्ट्या ओळीने बसलेल्या असतात आणि त्या ओळीने बसल्या आहेत हाच त्यांचा आनंद असतो. पहिली बुट्टी पाहिली की डोळा दुसरीकडे धावतो, आणि ती अपेक्षेच्या जागी सापडली की सुखावतो. पूर्वी नक्शबंद कारागीर आकृती आधी दोऱ्यांत बांधून काढत. तो दोऱ्यांचा नमुना मागावर चढवला जाई. मागाची बांधणी अशी, की एक दोरी ओढली की पन्ह्यात जितक्या वेळा ती आकृती येणार असेल, तितक्या सगळ्या जागचे तेच तेच धागे एकदम उचलले जात. आकृती एकदाच बांधायची, विणायची मात्र पन्हाभर. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली दोऱ्या ओढणाऱ्या माणसाच्या जागी भोकं पाडलेले पत्ते आणले. आता बनारसमध्येही माग या पत्त्यांवर चालतात, आणि ते पत्ते संगणकावर काढलेल्या नक्षीवरून पाडले जातात.

यातला ‘जंगला’ हा प्रकार मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर वाटतो. साडीभर पसरलेली वेल, मध्ये कुठे मोकळी जागा नाही. वेलीची फांदी चौकोनाच्या उजव्या कडेतून ज्या उंचीवर बाहेर पडते, नेमक्या त्याच उंचीवर आणि त्याच वळणाने ती डाव्या कडेतून आत आली पाहिजे. कापड छापणारे आणखी एक युक्ती करतात. शेजारचा उभा पट्टा अर्ध्या उंचीने खाली सरकवतात. मग तेच फूल आडव्या ओळीत न येता तिरपं येतं आणि वेल दुप्पट मोठी असल्याचा भास होतो. डिजिटल नक्षी करणारे ही युक्ती आजही जशीच्या तशी वापरतात. येवल्याच्या पैठणीची गोष्ट निराळी. तिथे काठपदराचं प्रत्येक फूल तिल्ल्यांनी, म्हणजे धागा गुंडाळलेल्या लहान काड्यांनी, हाताने भरलं जातं, म्हणून एका फुलाची पाकळी दुसऱ्या फुलात तंतोतंत उतरत नाही. पैठणीचा काठ स्कॅन करून त्याची टाइल करतात, तेव्हा एकच फूल उचलून पुढे चिकटवत जातात आणि काठ निर्जीव होतो. निदान पाच-सहा फुलं सलग घ्यावीत, असा माझा आग्रह असतो.

गणितज्ञांनी या सगळ्याचा हिशेब फार पूर्वी मांडून ठेवला आहे. सपाट जागा दोन दिशांनी पुनरावृत्ती करत भरायची, तर सरकवणं, फिरवणं, आरशात उलटवणं यांच्या मेळातून सतराच प्रकार निघतात. हे रशियाच्या फेदोरोव्हने १८९१ मध्ये सिद्ध केलं आणि पोल्याने १९२४ मध्ये स्वतंत्रपणे. उलट दिशेचा शोध तर आताआतापर्यंत चालू होता. कधीही पुनरावृत्ती न होता सगळी जमीन भरणारा एकच आकार असेल का? यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या डेव्हिड स्मिथ या हौशी माणसाला तसा तेरा बाजूंचा आकार सापडला. गणितज्ञांच्या साथीने त्याने २०२३ साली तो जगापुढे मांडला.

संगणकावर पुनरावृत्तीची गरज मुळात जागेच्या टंचाईतून आली. १९९५ साली नेटस्केप ब्राउझरमध्ये पानामागे चित्र लावायची सोय झाली तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून माहिती ठिबकत यायची. पूर्ण पानाएवढं चित्र पाठवणं परवडत नसे, म्हणून बोटाच्या पेराएवढं चित्र पाठवून ब्राउझरकरवी ते पसरवलं जाई. आज तारा रुंद झाल्या, तरी हिशेब तोच आहे. माझी भोसले घाटाची टाइल ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांची आहे. दोन मीटर दगड, म्हणजे एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. न दाबता ठेवली तर ती सुमारे ४८ एमबी भरते. सोळा मीटर लांब आणि सोळा मीटर उंच भिंत खऱ्याखुऱ्या वेगवेगळ्या फोटोंनी भरायची, तर तसे चौसष्ट चौकोन लागतील, म्हणजे तीन जीबी. एका भिंतीसाठी एवढं फोनला परवडणारं नाही. ४०९६ हा आकडाही उगाच नाही. भिंत लांब गेली, की संगणक टाइलची निम्मी आकृती वापरतो, आणखी लांब गेली की तिच्या निम्मी, आणि असं बारा वेळा निम्मं करत तो एका ठिपक्यावर येतो. मधल्या कुठल्याही पायरीवर कडा जुळल्या नाहीत तर लांबून भिंतीवर बारीक चौकडा दिसतो. म्हणून टाइल जवळून तपासून भागत नाही, लांबूनही तपासावी लागते.

रंगाच्या चित्राबरोबर त्याच मापाची आणखी चित्रं तयार करावी लागतात. एकात कुठला ठिपका किती उंच आहे ते करड्या छटांत नोंदलेलं असतं. दुसरं निळसर-जांभळं असतं, आणि पृष्ठभाग कुठल्या दिशेला कलला आहे ते त्यातून कळतं. तिसरं सांगतं की कुठे दगड गुळगुळीत आहे आणि कुठे खरखरीत. दुपारच्या सावलीतल्या उजेडात मी जी सावली मुद्दाम टाळली, ती या चित्रांमुळे परत येते. आता संगणकातला सूर्य उजवीकडे ठेवला की टाकीच्या घावांची सावली डावीकडे पडते. हे उंचीचं मोजमाप मिळवायलाच एकमेकांवर चढणारे भरपूर फोटो लागतात. भिंतीला समांतर सरकत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग घेत जायचं. वेगवेगळ्या जागांवरून दिसलेला तोच ठिपका जुळवून प्रोग्राम त्याची खोली काढतो.

फोटो न काढताही पोत तयार होतो. केन पर्लिन यांनी १९८२ सालच्या ‘ट्रॉन’ चित्रपटावर काम केलं होतं. संगणकातली चित्रं फार गुळगुळीत दिसतात, हे त्यांना खटकायचं. त्यांनी गणितातून येणारा एक नैसर्गिक वाटणारा खडबडीतपणा शोधला आणि त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, संगमरवर, धूर, लाकडाच्या रेषा यांच्यासाठी ती रीत आजही वापरली जाते, मीही वापरते. आता तर ‘जुनी भारतीय दगडी भिंत’ एवढं लिहिलं की कृत्रिम बुद्धिमत्ता चारही बाजूंनी जुळलेली टाइल क्षणात काढून देते. ती देखणी असते. पण तिच्यात चुनार नसतो. बसाल्टचा रंग, राजस्थानचा पोत आणि भलत्याच मापाचे चिरे एकत्र येऊन कुठलाच गाव नसलेली भिंत तयार होते. ज्या दृश्याला गाव नाही, तिथे ती खुशाल वापरावी. काशी दाखवायची असेल तर काशीचाच दगड हवा. त्यासाठी कुणीतरी तिथे जाऊन दुपारी उभं राहायला हवं.

भोसले घाटाच्या दोन्ही टाइल, सुटं रोप आणि डाग मी कुणालाही मोफत वापरता येतील अशा ठेवल्या आहेत. फाइलच्या नावात ‘दगडी भिंत ०३’ असलं काही लिहिलेलं नाही. चुनार वालुकाश्म, भोसले घाट, काशी, पूररेषेच्या वर, कोरडा, दुपारची सावली, दोन मीटर, असं सगळं लिहिलं आहे. संग्रहात शोधणाऱ्या मुलाला आपण कुठल्या गावाची भिंत उचलतो आहोत हे कळलंच पाहिजे.

पुढचं काम कोकणातल्या जांभ्याचं आहे. त्याची अडचण निराळी. जांभ्याच्या चिऱ्याला एवढी भोकं असतात की उंचीचं चित्र काढताना भोकाचा तळ कॅमेऱ्याला दिसतच नाही, आणि पावसाळ्यात शेवाळ चढलं की चिऱ्याचा लाल रंग हाताला लागत नाही. त्यामुळे ते उन्हाळ्यातच करावं लागेल, भिंत सावलीत असताना, भोकाभोकात उजेड पोचवणारा गोल दिवा लेन्सभोवती लावून. राजापूरच्या बाजूला न गिलावलेल्या जांभ्याच्या भिंतीचं जुनं घर कुणाच्या माहितीत असेल, तर मला ते पाहायचं आहे.